यंत्रमल्लाचा पहिला आखाडा

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कुस्ती हा केवळ बळाचा खेळ नव्हे, हे सांगावयास नको. जपानी सुमोची रीत किंचित निराळी. तेथे प्रतिस्पर्ध्यास चीत करावे लागत नाही. रिंगणाबाहेर रेटले तरी डाव जिंकला जातो. 1990 सालापासून जपानात ही कुस्ती यंत्रेही स्पर्धेत खेळू लागली.

बंगळूरच्या एस. पी. रोडवर मोटरी, दंतचक्रे, चाके आणि बॅटऱ्या सुट्या मिळतात. तेथे गेलेल्या नवशिक्यास सर्वांत वेगवान मोटर घेण्याचा मोह होतो. तो त्याने आवरावा. लहान गटातील यंत्राचे वजन 500 ग्रॅमपर्यंत आणि लांबी-रुंदी 10 सेंटिमीटरच्या आत असावी लागते. मोटर कितीही बलवान असो, चाकांची पकड सुटली की ती जागीच गरगरते. पकड अवलंबून असते ती चाकांवरील भारावर आणि त्यांच्या रबरावर. म्हणून वजनाची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरावी, भार खाली ठेवावा आणि दंतचक्रांनी वेग घटवून रेटा वाढवावा. पुढचे पाते जमिनीस जवळजवळ टेकलेले असावे. ते प्रतिस्पर्ध्याखाली शिरले की त्याच्या चाकांवरील भार हलका होतो आणि आपल्या चाकांवरचा वाढतो. अडलेली मोटर सर्वाधिक विद्युत्प्रवाह ओढते. तो सोसेल असेच मंडल निवडावे.

परंतु खरी कसोटी कडेची आहे. रिंगण 77 सेंटिमीटर व्यासाचे, काळे. त्याच्या कडेस अडीच सेंटिमीटरची पांढरी पट्टी. सेकंदास एक मीटर वेगाने धावणारे यंत्र ती पट्टी सेकंदाच्या चाळिसाव्या भागात ओलांडते. तेवढ्या अवकाशात अवरक्त किरणांच्या संवेदकाने पांढरा रंग ओळखावा आणि चाके उलटी फिरावीत. म्हणून यंत्रास पहिली आज्ञा कड सांभाळण्याची द्यावी, प्रतिस्पर्धी शोधण्याची दुसरी. हा क्रम उलटला, तर शत्रूच्या मागे धावता धावता यंत्र आपणच रिंगणाबाहेर पडते.

आखाड्याबाहेरून वस्ताद निदान ओरडून डाव सुचवू शकतो. येथे तीही सोय नाही. कळ दाबल्यावर पाच सेकंद यंत्र स्तब्ध राहते आणि त्यानंतर त्याचा निर्माता केवळ प्रेक्षक उरतो. यंत्र हरले, तर दोष नशिबाचा की आज्ञेचा, हे त्यास स्वतःच शोधावे लागते. तयार संच विकत घेणाऱ्यास ते सहसा उमगत नाही; एकेक जोड स्वहस्ते केलेल्यास उमगते. नवशिक्याची पहिली खरी कमाई चषक नसून हे ज्ञान होय.