पहाटेची हवा आणि आपला श्वास

पहाटेची हवा सगळ्यात चांगली, असं आपल्या आज्या सांगत. त्यांच्या काळी ते खरंच होतं. आता चिंचणीच्या एका बाजूला तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूला डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा ठिकाणी थंडीत पहाटेचीच हवा बहुतेक वेळा जास्त खराब असते.

दिवसा जमीन तापली की तिच्यालगतची हवा वर जाते आणि धूरही वर नेते. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तो उरलासुरला धूर पांगवतो. थंडीच्या रात्री उलटं होतं. जमीन लवकर गार पडते, तिच्याजवळची हवा गार आणि जड होते, वर ऊबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं! कारखान्यांचा, गाड्यांचा, चुलीचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर त्याखाली कोंडतो. मतलई वारा असतो, पण मंद. ऊन चांगलं वर आलं की झाकण उघडतं. मुंबईत राहणाऱ्या आपल्या लेकीबाळींनाही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच त्रास होतो.

या धुरातले अगदी बारीक कण, पीएम २.५ म्हणतात ते, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, तिथून रक्तात. म्हणून नुसता खोकला-दमा नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरू शकतं. आपल्या देशात चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ च सांगते.

मग काय, पहाटे बोंबील वाळत घालायला जायचंच नाही? पोट आहे, जावं लागतं. पण ज्यांना दमा आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांची पाळी ऊन वर आल्यावर लावा. पदर किंवा रुमाल हे बारीक कण अडवत नाही. संध्याकाळी पालापाचोळा, प्लास्टिक पेटवू नका. तो धूर रात्रभर आपल्याच अंगणात राहतो. चूल असेल तर धूर बाहेर जायला वाट ठेवा. आणि धाप लागत असेल तर "थंडीचा खोकला" म्हणून काढा पीत बसू नका, आरोग्य केंद्रात जा.

एवढ्यानं कारखान्यांचा धूर कमी होणार नाही, हे आम्हालाही कळतं. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं होतं, आणि इथे पहिलं येणं म्हणजे सगळ्यात वाईट. पण डहाणूत लोक लढले तेव्हा फरक पडला. १९९१ मध्ये तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. त्यानं वीजकेंद्राला धुरातला गंधक काढणारं यंत्र बसवायला लावलं. ते चालू व्हायला २००७ उजाडलं, पण बसलं.

आपल्या गटानं एक वही घालावी. उग्र वास आला की तारीख, वेळ, वारा कुठून होता आणि कुणाला काय त्रास झाला, एवढंच लिहायचं. वारा बघायला दोरीवरचं लुगडं पुरतं. महिनाभराची वही ग्रामसभेत वाचा, तिची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूरच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.