दोन्ही करंटवर चालणारं इंजिन : आपल्या घाटातल्या कॅम-३ची गोष्ट

आजचा भाग कळंबवरून. मागे कोंबडा आरवला तर समजून घ्या, एडिटिंगमध्ये काढणार नाहीये.

कळंबला रेल्वे नाही. आम्हाला नेरळ गाठावं लागतं, नाहीतर कर्जत. तरी आमच्या भागातल्या माणसाचं अर्धं आयुष्य रेल्वेवर चालतं, आणि आपण रेल्वेबद्दल बोलतो ते फक्त लेट झाली की. आज वेळापत्रक नको. आज एका इंजिनाबद्दल बोलू. ते बरीच वर्षं आपल्यासमोरून जात होतं, पुण्याच्या गाड्या घाटावर नेत होतं, आणि आता जवळजवळ दिसेनासं झालंय. कुणी निरोप समारंभ केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

नाव आहे डब्ल्यूसीएएम-३. रेल्वेची नावं म्हणजे आपल्या कोडमधल्या व्हेरिएबलसारखी, फोड केली की कळतात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. सी म्हणजे डीसी करंट. ए म्हणजे एसी. एम म्हणजे मिक्स्ड, प्रवासी गाडीलाही चालेल आणि मालगाडीलाही. तीन म्हणजे या जातीतला तिसरा प्रकार. मी आता नुसतं कॅम-३ म्हणतो. भेलने १९९७-९८च्या सुमारास अशी ५३ इंजिनं बांधली आणि ती कल्याणच्या शेडला आली. म्हणजे वयाने माझ्या बरोबरीची.

आता मुद्दा असा की एकाच इंजिनाला एसी आणि डीसी दोन्ही कशाला हवं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मुंबईत पहिली विजेची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ला, व्हीटी ते कुर्ला, १५०० व्होल्ट डीसीवर. १९२९मध्ये हीच वीज भोर घाट चढून पुण्याला पोचली. पुढच्याच वर्षी, १ जून १९३०ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. तेव्हाच्या जमान्यात डीसी हा शहाणा निर्णय होता. पण डीसीची एक अडचण आहे, आणि ती साध्या भागाकारात दिसते. कॅम-३ डीसीवर ४६०० हॉर्सपॉवर द्यायचं. म्हणजे साधारण ३४ लाख वॅट. भागिले १५०० व्होल्ट. उत्तर येतं २३०० अँपिअरच्या आसपास. एका इंजिनाला! घरातला गिझर दहाएक अँपिअर घेतो, त्यावरून अंदाज करा. एवढा करंट वाहून न्यायला तार जाड लागते आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन लागतं. तेच २५,००० व्होल्ट एसी असेल तर हेच इंजिन ५००० हॉर्सपॉवर देतं आणि तारेतून घेतं दीडशेच्या आसपास अँपिअर. नुकसान वगैरे मी धरलेलं नाही, पण फरक केवढा आहे ते कळतंय ना?

म्हणून १९५७ साली भारतीय रेल्वेने ठरवलं की इथून पुढे २५ हजार व्होल्ट एसी. देशभर तसंच होत गेलं. मुंबईच्या भोवती मात्र डीसी राहिलं. कारण इथे शेकडो लोकल डीसीवर धावत होत्या, त्या एका रात्रीत बदलणार कशा? शिवाय २५ हजार व्होल्टची तार पुलाच्या पोटापासून जास्त लांब ठेवावी लागते आणि मुंबईत रुळांवरचे पूल जुने आणि बुटके. म्हणजे नुसता स्विच बदलून भागणार नव्हतं. पूल, रूळ, सिग्नल, सबस्टेशन, गाड्या, सगळ्यालाच हात लावायला लागणार होता.

ज्यांनी कुठल्या कंपनीत चालू सिस्टिमचं मायग्रेशन केलंय त्यांना हे दुखणं माहितीये. जुनं बंद करता येत नाही, कारण लोक वापरतायत. नवं एकदम चालू करता येत नाही, कारण अर्धं जग जुन्यावर आहे. मग मध्ये काहीतरी असं लागतं ज्याला दोन्ही भाषा येतात. मोबाईलच्या चार्जरचं घ्या. एक काळ होता जेव्हा घरात अर्धे फोन जुन्या पिनचे आणि अर्धे टाइप-सी. तेव्हा दोन्ही टोकं असलेली ती केबल सगळ्यात कामाची असायची. कॅम-३ म्हणजे ती केबल. १२१ टनांची.

आतली युक्ती सांगतो, मला ती फार आवडते. चाकं फिरवणाऱ्या सहा मोटरी डीसीच होत्या. एसी तारेखाली असताना इंजिनातला ट्रान्सफॉर्मर २५ हजार व्होल्ट खाली आणायचा, रेक्टिफायर त्याचं डीसी करायचा आणि ते मोटरींना मिळायचं. डीसी तारेखाली आलं की ट्रान्सफॉर्मर बाजूला, तारेतली वीज थेट मोटरींच्या सर्किटला. मग वेग हळूहळू वाढवायला मधे रेझिस्टन्स घालायचे आणि एकेक काढत जायचे. म्हणजे बाहेर काहीही बदलो, आतल्या मोटरीला पत्ताच नाही. चांगला इंटरफेस म्हणतात तो हाच. दोन तारांच्या मध्ये वीज नसलेला एक तुकडा असतो. तिथे गाडी नुसत्या वेगाने पुढे जाते, ड्रायव्हर ब्रेकर उघडतो, मोड बदलतो, पलीकडे गेल्यावर ब्रेकर परत टाकतो. डब्यात बसलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही.

कॅम-३ आलं तेव्हा त्याने कुणाची जागा घेतली हेही सांगायला हवं, कारण ती मंडळी कॅम-३पेक्षा जास्त नावाजलेली. डेक्कन क्वीनला सुरुवातीच्या काळात ईए-१ जातीची इंजिनं असायची. त्यातलं 'सर रॉजर लम्ली' दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये उभं आहे. त्यांच्याच काळातलं मालगाडीचं लांब नाकाचं इंजिन म्हणजे 'खेकडा'. घरात कुणी म्हातारं माणूस रेल्वेत असेल तर नुसतं खेकडा म्हणा आणि मग तासभर बसा. पुढे १९५०च्या दशकात डब्ल्यूसीएम जातीची इंजिनं आली, आधी इंग्लंडहून, मग जपानहून. आणि १९६१मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून त्यांचंच भावंड बाहेर पडलं, भारतात बांधलेलं पहिलं विजेचं इंजिन. त्याला नाव दिलं 'लोकमान्य'. ही सगळी फक्त डीसीवाली. मुंबई ते इगतपुरी त्यांचं राज्य, इगतपुरीच्या पुढे एसी, म्हणून तिथे इंजिन बदला. बदलायचं म्हणजे सोडा, बाजूला घ्या, दुसरं आणा, जोडा, ब्रेक तपासा. कॅम-३ने ही कटकट काढून टाकली. पुण्याच्या बाजूला मात्र गंमत अशी की तिथे पुण्यापर्यंत डीसी आणि पुढे तारच नाही, डिझेल. त्यामुळे आपल्या घाटात कॅम-३ कित्येक वर्षं आपलं अर्धंच शिक्षण वापरत होतं.

मग हळूहळू एसी मुंबईकडे सरकायला लागला. टप्प्याटप्प्याने, रात्रीचे ब्लॉक घेऊन. दोन करंटची सीमा कल्याण, ठाणे असं करत आत आत गेली. या सगळ्या वर्षांत सीमा आज कुठे आहे याचा कॅम-३ला फरक पडत नव्हता. लोकलमध्ये दोन्ही करंटवर चालणाऱ्या नव्या सीमेन्सच्या गाड्यांनी तेच काम केलं. २०१५मध्ये मध्य रेल्वेची मेन लाइन पूर्ण एसी झाली आणि एप्रिल २०१६मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल धावली. १९२५ला सुरू झालेली गोष्ट तिथे संपली.

आणि त्याच दिवशी कॅम-३च्या नावातल्या सी या अक्षराचा अर्थही संपला.

मला यात काहीतरी खटकतं. इंजिन बिघडलं नाही, काम चुकलं नाही. काम इतकं व्यवस्थित झालं की त्याची गरजच राहिली नाही. नंतर ते नुसतं एक साधं एसी इंजिन उरलं आणि त्या स्पर्धेत ते मागेच पडणार होतं. वेगाची मर्यादा ताशी १०५. डीसी मोटरी, म्हणजे कार्बन ब्रश झिजणार, ते बदलत राहायचे. समोर डब्ल्यूएपी-७. हॉर्सपॉवर ६००० च्या वर, वेग १४०, थ्री-फेज मोटरी, ब्रशची भानगड नाही. वर डब्यांतले दिवे-एसी चालवायला लागणारी वीजही तेच पुरवतं, त्यामुळे आवाज करणारी जनरेटरची गाडी चालवावी लागत नाही. आणि घाट उतरताना ब्रेक लावला की मोटरी जनरेटर होतात आणि वीज परत तारेत जाते. ही सोय कॅम-३कडे नव्हती. (गंमत म्हणजे खेकड्याकडे होती, १९२८ साली.) त्यामुळे डेक्कन क्वीनपुढे डब्ल्यूएपी-७ आलं, बाकीच्या गाड्यांपुढे आलं, आणि कॅम-३ एकेक करत सेवेतून गेलं. निर्णय बरोबर आहे. मी रेल्वेत असतो तर मीही तोच घेतला असता. फक्त 'लोकमान्य'ची आठवण ठेवतो तशी याचीही कुणीतरी ठेवावी, एवढंच.

बरं, आता आपल्या कर्जतवाल्यांच्या कामाचं.

कर्जत ते लोणावळा चढ आहे ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ. पण समजा गाडी ९०० टनांची आहे. तर नुसत्या चढामुळे ती २४ टनांच्या जोराने मागे खेचते. इंजिनाला स्वतःलाही वर चढायचंय, त्याचे तीनेक टन वेगळे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, त्यात पावसाळा, म्हणजे रूळ ओले. १२१ टनांच्या इंजिनाची पकड वजनाच्या पाचव्या भागाइतकी धरली तरी २४ टनच भरते. जमत नाही. म्हणून कर्जतला मागून बँकर लागतात. ती नुसती ढकलत नाहीत. मधली कपलिंग तुटू नये, आणि तुटलीच तर मागचे डबे घाटातून खाली सुटू नयेत, हेही त्यांचंच काम.

बँकर लावायचे म्हणून गाडी थांबते. गाडी थांबते म्हणून कर्जतचा वडा. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण टाइमटेबलमध्ये दोन प्रकारचे थांबे असतात हे लक्षात घ्या. एक प्रवाशांसाठीचा, एक तांत्रिक. तांत्रिक थांब्यावर गाडी उभी असते, पण कागदोपत्री ती तुमच्यासाठी थांबलेली नसते. कर्जतला अनेक गाड्या घाटासाठी थांबतात, आणि आपण इतकी वर्षं त्याला आपला थांबा समजत आलोय.

२०१९मध्ये मध्य रेल्वेने मुंबई-पुणे इंटरसिटीवर एक चाचणी घेतली. एक इंजिन पुढे, एक मागे, दोन्ही मुंबईपासूनच जोडलेली, मागचं पुढूनच चालवलं जातं. पुश-पुल म्हणतात त्याला. दोन डब्ल्यूएपी-७ म्हणजे १२ हजारांवर हॉर्सपॉवर आणि पकडीला दुप्पट वजन. कर्जतला बँकर लावायची गरज नाही. त्याच वर्षी मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी या पद्धतीने सुरू झाली, तिला कसाऱ्याला बँकर लागत नाही.

मुंबई-पुणे करणाऱ्याला यात वेळ वाचतो, आणि तो वाचायलाच हवा. पण कळंब, नेरळ, कशेळे, खालापूरकडच्या ज्या पोराला पुण्याला कॉलेजला किंवा इंटरव्ह्यूला जायचंय, त्याच्यासाठी कर्जत हीच घाटावर जायची शिडी. गाडी थांबायचं तांत्रिक कारण गेलं, तर थांबा कुठल्या कारणावर मागायचा? 'पूर्वीपासून थांबते' हे कारण चालणार नाही, कारण ती पूर्वी चढासाठी थांबत होती. तिथे प्रवाशांचा आकडा लागतो. कर्जतहून तिकीट काढून किती जण चढतात, हा. आपल्याकडे बरेच जण कल्याणहून तिकीट काढतात आणि कर्जतला चढतात, किंवा लोकलच्या पासावर 'बघू, टीसी आला तर' म्हणून उभे राहतात. ते प्रवासी कर्जतच्या हिशेबात येतच नाहीत. म्हणजे थांबा मागायची वेळ आली की आपला आकडा आपणच कमी करून ठेवलेला असणार.

तर पुढच्या वेळी कर्जतला उभे असाल तेव्हा वडा घ्याच, पण गाडीच्या शेपटाकडेही बघा. मागे बँकर येऊन लागतोय की इंजिन आधीपासूनच जोडलेलं आहे? आणि कॅम-३ दिसलं, तर फोटो काढा आणि मला पाठवा. जुने फोटोही चालतील, घरच्यांच्या मोबाईलमध्ये शोधा, पिकनिकच्या फोटोत मागे उभं सापडेल.

पुढच्या भागात ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस. भेटू.