मातीतली जोखीम, बाजारातली जोखीम

कोकण रेल्वेचा मार्ग जानेवारी १९९८मध्ये सलग खुला झाला, तो ठरलेली मुदत उलटून गेल्यावर. सह्याद्रीच्या कातळापेक्षा जास्त अडवले ते गोव्यातल्या पेडणे बोगद्याच्या मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीने. खणावे तशी माती ढासळे आणि झालेले काम पुन्हा करावे लागे. कोकण रेल्वे महामंडळाने प्रकल्पासाठी रोखे विकून पैसा उभारला होता. बोगदा रखडला तरी त्यांवरचे व्याज थांबत नव्हते. मातीतली जोखीम अशी थेट ताळेबंदात उतरते. म्हणूनच स्थापत्य अभियंते आणि वित्तक्षेत्रातले जाणकार एका मांडवात बसणे गरजेचे आहे.

मोजमापाबाबत मात्र दोघांची स्थिती सारखी नाही. शेअर बाजारात भाव रोज नोंदला जातो, त्यामुळे मागच्या चढउतारांवरून उद्याच्या तोट्याचा अदमास बांधता येतो. १९९४मध्ये जे. पी. मॉर्गन या बँकेने ‘रिस्कमेट्रिक्स’ ही पद्धत जाहीर केली आणि ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’, म्हणजे ठरावीक खात्रीने तोटा ज्याच्या पलीकडे जाणार नाही असा आकडा, सर्वतोमुखी झाले. ९९ टक्के पातळीवरचा एका दिवसाचा हा आकडा १ कोटी रुपये असेल, तर वर्षाच्या सुमारे २५० व्यवहार-दिवसांत दोन-तीनदा तोटा कोटीपलीकडे जाणे गृहीतच असते. किती पलीकडे, याबद्दल आकडा चकार शब्द काढत नाही. खरी मेख तिथेच आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १० टक्के घसरताच व्यवहार ४५ मिनिटे थांबवले गेले, तरी दिवसअखेर घसरण १३ टक्क्यांवर गेली. व्यवहार करणाऱ्यांकडून मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, आगाऊ घेतात ते असल्या दिवसांसाठी.

बांधकामाकडे भावांची अशी मालिका नसते. एक बोगदा एकदाच खणला जातो. बोअर घेतले तरी प्रत्येक बोअर आपल्यापुरतेच सांगतो, दोहोंच्या मधली जमीन अंधारातच राहते. मग प्रत्येक कामाचा कमीत कमी, संभाव्य आणि जास्तीत जास्त खर्च धरून संगणकावर हजारो शक्यता चालवून पाहतात आणि त्यावरून आकस्मिक खर्चाची तरतूद ठरते. अंदाज मंजुरीत बसवण्यासाठी हीच तरतूद सर्वांत आधी कापली जाते, हे ठेकेदारापासून सचिवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते.

उरतो प्रश्न भार कोणी उचलायचा याचा. जमिनीखालची सारी जोखीम ठेकेदाराच्या माथी मारली, तर तो निविदेतच दर चढवतो किंवा कमी दराने काम घेऊन पुढे लवादाकडे जातो. जमिनीची तपासणी प्रकल्पाच्या मालकाने करून घ्यावी, अहवाल निविदेला जोडावा आणि त्याहून वेगळा थर लागल्यास वाढीव खर्च मालकाने सोसावा, ही वाटणी शेवटी स्वस्त पडते.