एक एकर तिच्या मर्जीचा

रोहिण्या सरत आल्या, मृग तोंडावर आहे. कुठलं वाण घ्यायचं, किती पिशव्या आणायच्या, याची बोलणी घरोघर चालू असतील. त्यात आज माझी एक सूचना धरा. शेतातला एक एकर, नाहीतर अर्धा, यंदा घरातल्या बाईच्या मर्जीनं पेरला जाऊ द्या. निंदणी-खुरपणी, वेचणी तीच करते. काय पेरायचं हे मात्र तिला क्वचितच कोणी विचारतं.

ही कल्पना माझी नाही, मराठवाड्यातल्या बायकांनी ती करून दाखवली आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर गावं पुन्हा उभी करताना लातूर-धाराशिवच्या बायका पुढे आल्या. त्यांच्याबरोबर प्रेमा गोपालन यांनी जे काम केलं, त्यातून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली. पुढे दुष्काळ पडले. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्ही विसरला नसाल. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 2017 मध्ये, एक एकरात घरापुरतं धान्य, डाळी नि भाजीपाला पिकवायला बायकांना उभं करणाऱ्या या संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

आता या एकरात काय पेरायचं? सगळी भिस्त सोयाबीनवर टाकली आणि पावसानं ऐन फुलोऱ्यात दडी मारली, की हाती काही उरत नाही. म्हणून तूर, मूग, उडीद, बाजरी, थोडी मटकी, कडेनं अंबाडी आणि बांधावर दोडक्याचा वेल असं मिसळून पेरा. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो, तूर पाच-सहा महिने उभी राहते. एकाचं नुकसान झालं तरी दुसरं हाताला लागतं. जुनी माणसं इरवड टाकायची ती याचसाठी. आणि हा माल आधी घरच्या ताटात जाऊ द्या, उरला तर बाजारात.

बी घरचं असेल तर तपासून घ्या. ओल्या गोणपाटावर 100 दाणे 10-10 च्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडत राहा. पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. सोयाबीनचे 70 च्या वर निघाले तर बिनधास्त पेरा. थोडे कमी असतील तर बी वाढवा. फारच कमी असतील तर ते बी पेरू नका. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून गेल्यावरच. पहिल्या सरीला भुललात की दुबार पेरणी ठरलेली.

घरच्या निंबोळी अर्कानं फवारणीचा खर्चही कमी होतो. वाळलेल्या निंबोळ्या 5 किलो कुटून दहाएक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी फडक्यातून पिळून गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून मिसळा, आणि एकूण 100 लिटर होईल इतकं पाणी घाला. त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर फवारा. अळी बारीक असतानाच याचा उपयोग होतो, मोठी झाल्यावर नाही. निंबोळ्या पिकून पडायला लागल्या की गोळा करून वाळवून ठेवा.

ज्यांना जमीनच नाही त्यांचं काय? भूमिहीन घरातल्या, नवरा गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायकांचा प्रश्न खरा अवघड आहे. बिदरच्या पलीकडे, तेलंगणात जहीराबादला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांनी वाट काढली. संघम करून त्यांनी पडीक जमिनी एकत्रितपणे कसायला घेतल्या, गावोगाव बियाण्याच्या पेढ्या उभारल्या, आणि 2008 मध्ये स्वतःचं रेडिओ केंद्रही सुरू केलं. आपल्याकडे बचत गट आहेतच. त्यातल्या पाच-सहा जणींनी मिळून बटईनं किंवा ठोक्यानं तुकडा घ्यावा. पण कागद करा, आणि तोही किमान तीन वर्षांचा. शेणखत घालून तुम्ही जमीन सुधारायची आणि दुसऱ्या वर्षी मालकानं परत मागायची, हे सर्रास घडतं.

शेवटी सातबाऱ्याचं. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिती खातेदारांत बायका जेमतेम 14 टक्के होत्या. नाव नसलं की पीककर्ज, विमा, भरपाई, सगळीकडे अडतं. विधवा भगिनींनी वारसनोंद लांबणीवर टाकू नये. आणि पुरुष मंडळींनो, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्तीची सोय आपल्या राज्यात 1992 पासून आहे. तिचा अर्ज नवऱ्यानं करायचा असतो. पेरणीच्या धांदलीत राहून जाईल, म्हणून त्याआधीच तलाठ्याकडे जाऊन या.