आपले गाव कोणते?

(मुकुंदवाडी येथील एका सार्वजनिक वाचनालयात वाचकांच्या मेळाव्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'परगावी येऊन रुजताना' हा विषय आपण मला दिलात. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. रुजणे, आपलेपणा हे शब्द आमच्या शास्त्राच्या कोष्टकांत बसत नाहीत. तरीही निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना मला असे दिसते की, हा प्रश्न जितका भावनेचा, तितकाच जमिनीचा, पाण्याचा आणि हक्काचा आहे.

१९८६ साली मी सातारा जिल्ह्यातून येथील एका महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून आलो. औरंगाबादची महानगरपालिका १९८२ सालीच अस्तित्वात आली होती. पण मुकुंदवाडीची वृत्ती गावाचीच होती. पहाटे चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे सायकलींची रांग लागे आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने गुरे परतत. दुकानात, गिरणीत, न्हाव्याकडे एकच प्रश्न, "सर, तुम्ही कुठले?" मी इमानाने सातारा सांगे. हे उत्तर मी किमान दहा वर्षे दिले. घर बांधून झाल्यावरही दिले.

त्या घराच्या वास्तुशांतीला शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले होते. पूर्वीचे शेतकरी, त्या वेळी एका कारखान्यावर रखवालदार. जेवण झाल्यावर सुपारी कातरीत ते सहज म्हणाले, "सर, तुमचं देवघर हाय ना, तिथं आमची ज्वारी व्हायची." स्वरात राग नव्हता. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी स्वतःला उपरा समजून हळहळत होतो आणि ज्याची पाळेमुळे खरोखर या मातीत होती, तो माणूस माझ्या दारात पाहुणा म्हणून बसला होता!

या घटनेचे अर्थकारण सरळ आहे. सत्तरच्या दशकात सिडकोने नवे औरंगाबाद वसविण्यास घेतले, तेव्हा भोवतालच्या गावांची शेते संपादित झाली. शेतकऱ्याला त्या वेळच्या शेताचा भाव मिळाला. पुढे रस्ते झाले, कारखाने वाढले, त्याच जमिनीची किंमत अनेक पटींनी चढली. ही वाढ कोणा एकाच्या श्रमाने झालेली नाही. ती समाजाने निर्माण केलेली आहे. आमच्या शास्त्रात तिला अनर्जित मूल्यवाढ म्हणतात. ती माझ्यासारख्या पगारदारांच्या पदरात पडली. मी ती नाकारली नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

याचा अर्थ जुने गाव म्हणजे नंदनवन होते, असा मुळीच नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणाला जो कठोर विरोध केला, त्यामागे गावकुसाबाहेरचा अनुभव होता. डॉ. बाबा आढावांना सत्तरच्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभी करावी लागली, कारण पिढ्यान्‌पिढ्या गावात राहूनही ज्यांना गावाच्या विहिरीवर पोहरा सोडता येत नव्हता, अशी माणसे महाराष्ट्रात सर्वत्र होती. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. ती घरे जाळणारे परके नव्हते. तेव्हा केवळ वास्तव्याने आपलेपणा येत नाही, हे आपण इतिहासातून शिकलो आहोत.

मग तो येतो कशाने? माझ्यापुरते उत्तर मला एका उन्हाळ्यात मिळाले. आमच्या अंगणातील कूपनलिकेला पाणी होते. मागच्या वस्तीत नव्हते. माझ्या पत्नीने मला न विचारता कुंपणाबाहेर एक नळी काढून दिली. आठ दिवसांत आमच्या फाटकाशी पन्नास हंडे लागू लागले, भांडणेही होऊ लागली. त्यावर वस्तीतल्या एक बाई म्हणाल्या, "वहिनी, तुमची नळी किती दिस पुरंल? चला आमच्यासंगं." त्या दिवशी हंडा मोर्चात आम्ही दोघे प्रथमच या गावचे म्हणून चाललो. कोणी विचारले नाही, तुम्ही कुठले. दान देणारा दात्याच्या जागीच राहतो. मागणीत सामील होणारा शेजारी होतो. मृणालताई गोऱ्यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' हे नाव दिले, ते त्या मागणीच्या रांगेत उभ्या राहिल्या म्हणून.

ही रांग संपलेली नाही. पैठणचा नाथसागर १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाला. तेथून या शहराला पाणी येते. तरीही २०१९ साली याच मुकुंदवाडीतील लहान मुले हंडे-कळशा घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्थानकात पाणी भरायला जात होती. ते दृश्य देशाबाहेरच्या वृत्तपत्रांतही छापून आले. पुढे एप्रिल २०२० नंतर काही वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. गाऱ्हाणे मांडावे तर लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते. जून २०२५ मध्ये जालना रस्त्यालगत अतिक्रमणे म्हणून अनेक बांधकामे पाडली गेली. कायद्याची बाजू कायदा पाहील. पण ज्याचे दुकान गेले, त्याच्या शेजाऱ्यांपैकी किती जण त्याची चौकशी करायला गेले?

शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. नाव कोणतेही असो, नळाला पाणी नसलेल्या घराला ते शहर आपले वाटणार नाही.

म्हणून या वाचनालयाला माझ्या दोन सूचना आहेत. एक वही घालावी आणि आज जेथे घरे आहेत तेथे पूर्वी कोणाचे शेत होते, ते वृद्धांकडून लिहून घ्यावे. दुसऱ्या वहीत ज्या घरांना नळ नाही त्यांची यादी करावी आणि ती दर तीन महिन्यांनी नगरसेवकापुढे वाचून दाखवावी.

ते वृद्ध गृहस्थ आता हयात नाहीत. पहिल्या वहीतील पहिली नोंद त्यांच्या ज्वारीची व्हावी, एवढी माझी विनंती आहे. घराचा पत्ता मी देतो.