एका गुणाने हुकलं तर



रशियात, किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकून आलेली आपली मुलं
इथे एफएमजीई ही पात्रता परीक्षा देतात.

प्रश्न 300.
पास व्हायला 150 गुण लागतात.

कुणाला 149 पडतात.
घर गप्प होतं.
फोन उचलावासा वाटत नाही.

फेरतपासणी होत नाही,
तेव्हा त्यात जीव अडकवू नका.

पण ही परीक्षा वर्षातून दोनदा होते.
पुन्हा देता येते.

आधी चार दिवस पुस्तक मिटा.
मनसोक्त झोपा.
मग कच्चे विषय काढा.

आईबाबांनो,
‘शेजारचा पास झाला’ हे तेवढं बोलू नका.
त्या 149 गुणांमागे केवढी मेहनत आहे!

परीक्षा पुन्हा देता येते.

जगणं नकोसं वाटलं,
तर टेलिमानस या हेल्पलाइनला लगेच फोन करा.
14416.
एक, चार, चार, एक, सहा.
मराठीत बोला.
फोन मोफत आहे.