प्रॉस्परोची क्षमा

१६१५च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील थॉमस रो आपल्या बुऱ्हाणपुरात शाहजादा परवेझला भेटला. त्याच जेम्सच्या दरबारात १६११ साली शेक्सपिअरचं 'टेंपेस्ट' सादर झालं होतं. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८७५मध्ये ते मराठीत आणलं.

या नाटकात भावानं राज्य बळकावून हाकललेला प्रॉस्परो बारा वर्षं बेटावर काढतो आणि मंत्रबळानं वादळ उठवून वैऱ्यांना हाती आणतो. अभ्यास करताना पाचवा अंक सावकाश वाचा. तिथं प्रॉस्परोला दयेची आठवण त्याच्या सेवेतला आत्मा एरियल करून देतो, जो माणूसच नाही. भाऊ अँटोनिओ पश्चात्तापाचा एक शब्द काढत नाही, तरी प्रॉस्परो त्याला क्षमा करतो; राज्य मात्र परत घेतो. सूड हाती असताना तो सोडायला केवढं बळ लागतं, हे समजून घ्यायला हे नाटक जरूर वाचा.